‘मी तर त्याला कधी काही बोललोच नाही’

“त्याला एक वाईट शब्द बोललो नाही. मग त्याने रूम का बदलून मागितली?” हा प्रश्न घेऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा समुपदेशनाला आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्याचा रूम पार्टनर समलिंगी असल्याची कुजबुज होस्टेलभर होती. आपण कुणाचा द्वेष करत नाही, असं हा ठामपणे सांगत होता, आणि ते खोटं नव्हतं.

अशा वेळी “तुझ्या मनात पूर्वग्रह आहे” म्हटलं की मूल परत येत नाही. त्याला सात दिवस वही लिहायला सांगितली. रकाने चार: काय बोललं गेलं, कोण हसलं, मी काय केलं, आणि हसलो नसतो तर काय झालं असतं.

वहीत आलं ते असं. ‘बायल्या’ ही हाक. “काय गं, जेवलीस का?” पार्टनर आत आला की टॉवेल घट्ट धरायचं नाटक. “तू तसा वाटत नाहीस हं”, हे तर कौतुक म्हणून. तोंडी परीक्षेत सरांचं “पुरुषासारखा मोठ्याने बोल.” एकेक नोंद किरकोळच. पण बोलणारे दहा-बारा आणि ऐकणारा एकटा. दर वेळी त्याने ठरवायचं, उत्तर द्यायचं की गिळायचं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पियर्स यांनी १९७० मध्ये, कृष्णवर्णीयांच्या अनुभवावरून, अशा टोचण्यांना ‘मायक्रोअ‍ॅग्रेशन’ म्हटलं.

खरं उत्तर चौथ्या रकान्यात होतं: “मलाच चिडवलं असतं.” आठवीत गॅदरिंगला त्याने स्त्रीपात्र केलं होतं, तेव्हा तीच हाक त्याला वर्षभर पडली. तेव्हापासून तो सगळ्यांच्या आधी हसायचा. मुलग्यांच्या टोळक्यात हा पूर्वग्रह बहुतेकदा असा भीतीवर पोसतो. पुढच्या आठवड्यात त्याने दोन मित्रांना वेगवेगळं गाठून विचारलं. दोघांनाही ती थट्टा आवडत नव्हती. इतरांना आवडते असं धरून दोघेही हसत होते.

एका खोलीत वर्ष काढूनही फरक का पडला नाही? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाही. बरोबरीचं स्थान, सामायिक ध्येय, सहकार्य आणि वरच्यांचा पाठिंबाही लागतो. इथे तर रेक्टरही हसायचे. लैंगिक कलावरून केलेला छळ किंवा बहिष्कार हे रॅगिंग ठरतं, ही विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) रॅगिंगविरोधी नियमांतली २०१६ ची दुरुस्ती त्यांना दाखवावी लागली.

मुलाला सगळ्यांसमोर माफी मागायची होती. ते थांबवलं. “तो गे आहे, त्याला त्रास देऊ नका” असं ग्रुपवर लिहिणं म्हणजे त्याच्या परवानगीविना त्याची ओळख चव्हाट्यावर आणणं. “तू खरंच तसा आहेस का?” हेही विचारायचं नाही. एकट्याला गाठून दोन वाक्यं पुरेत: मी हसायचो ते चूक होतं, आता हसणार नाही. आणि पुढच्या वेळी टोळक्यात शांतपणे एवढंच, “यात हसण्यासारखं काय आहे?” भाषण दिलं की तोच नवा विनोद होतो. हे वाक्य पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघालं नाही. नुसता गप्प बसला, तेवढंही चाललं.

पार्टनर “बरं” म्हणाला. रूम मात्र त्याने बदललीच.