टेबलटॉप गेमची नवी आवृत्ती किती वर्षांनी यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या रोलप्लेइंग गेमची, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या गेमची, २०१४ची तीन पुस्तकं पैसे साठवून घेतली, ग्रुप कुठे रुळतोय तोवर २०२४ची नवी आली. हे असंच चालणार का, आणि किती वर्षांनी नवी आवृत्ती आली तर ते रास्त म्हणायचं?

आकडाच हवा असेल तर माझा देतो. रोलप्लेइंग गेमला दहा वर्षं, मिनिएचर (लहान पुतळे) घेऊन लढायच्या गेमला निदान पाच, आणि साध्या बोर्डगेमला खरंच काही अडलं तरच. पण वर्षं मोजण्यापेक्षा मी दुसरंच बघतो. नवं रूलबुक आलं की कपाटातलं जुनं सामान किती चालतं? जुनं ॲडव्हेंचर (खेळायला तयार कथानक), जुनी फौज, जुनं कॅरेक्टर पेन्सिलने दोन आकडे बदलून नव्या नियमांत बसत असेल, तर आवृत्ती लवकर आली तरी फारसं कुणी कुरकुरत नाही. बसत नसेल तर पंधरा वर्षांनी आली तरी शिव्या बसणारच. शाळेच्या पुस्तकांचं जे असतं तेच इथे. धडे तेच ठेवून चुका दुरुस्त केल्या तर थोरलीची पुस्तकं धाकट्याला चालतात. अभ्यासक्रम बदलला की तीच पुस्तकं अप्पा बळवंत चौकातही कोणी हातात घेत नाही.

डी अँड डीचाच इतिहास घ्या. १९७४ साली पहिला बॉक्स आला. १९७७ ते ७९मध्ये ॲडव्हान्स्ड डी अँड डीची तीन पुस्तकं, १९८९ला दुसरी आवृत्ती, २०००ला तिसरी, २००३ला साडेतीन, २००८ला चौथी, २०१४ला पाचवी. म्हणजे कधी दहा-अकरा वर्षं, कधी जेमतेम तीन. आणि गंमत म्हणजे लोकांचा राग या अंतरांच्या हिशेबाने वरखाली झालेला दिसत नाही.

२०००ची तिसरी आवृत्ती हा मोठा बदल होता, तरी बहुतेकांनी तो आनंदाने घेतला. कारण एका उदाहरणात दिसतं. दुसऱ्या आवृत्तीत चिलखत जितकं भारी तितका त्याचा आकडा, म्हणजे आर्मर क्लास, लहान असायचा, आणि वार करणाऱ्याला थॅको नावाचा आकडा असायचा. समजा तुमचा थॅको १७ आणि समोरच्याचं आर्मर क्लास ३. सतरातून तीन वजा, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा जास्त हवेत. आर्मर क्लास उणे दोन असेल तर वजाबाकीत उणे, की नवा पोरगा गडबडलाच. तिसऱ्या आवृत्तीत तोच योद्धा +३ घेऊन फासा टाकतो आणि समोरच्याचं आर्मर क्लास १७ असतं. लागतात तेवढेच, १४. शक्यता तीच, हिशेब सरळ. जुन्या ॲडव्हेंचरमधल्या कुठल्याही राक्षसाचं आर्मर क्लास विसातून वजा केलं की काम झालं. असा बदल अकरा वर्षांनी नाही, पाचच वर्षांनी आला असता तरी चाललं असतं.

आता २००३ची साडेतीन बघा. कागदावर हा लहान बदल. पण माझ्या मते या गेमच्या सगळ्या आवृत्त्यांत तीच सगळ्यात त्रासदायक, कारण फरक बारीक होते आणि सगळीकडे पेरलेले होते. बुल्स स्ट्रेंग्थ हा मंत्र आधी लेव्हलमागे एक तास टिकायचा, तो मिनिटावर आला. हेस्ट या मंत्राने आधी जादूगाराला एकाच फेरीत दुसरा मंत्र टाकायची वाट मिळायची, ती बंद झाली. राक्षसांची डॅमेज रिडक्शन (वाराची इजा कमी करणारा नियम) वेगळ्या पद्धतीने लिहिली गेली. मोठा बदल असला की माणूस पुस्तक उघडून बघतो. बारीक बदल असला की आठवणीवर विसंबतो, आणि मग टेबलावर पाच जणांच्या पाच आठवणी. तीन वर्षांत पुन्हा तीच तीन पुस्तकं घ्यायला लावणं हा वेगळा मुद्दा, पण खरा जाच या बारकाव्यांचा होता.

चौथीचं उलटं. गेम म्हणून ती वाईट नव्हती, लढाईचा भाग तर आजही मला कित्येक बाबतीत पाचवीपेक्षा सरस वाटतो. पण साडेतीनचं सामान तिच्यात आणायचं तर सगळं नव्याने लिहावं लागायचं. परिणाम काय झाला? २०००मध्येच डी अँड डी काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने ओपन गेम लायसन्सखाली मूळ नियम इतरांना वापरायला खुले केले होते. त्याच्या आधारावर पायझो या दुसऱ्या कंपनीने २००९मध्ये पाथफाइंडर काढलं, म्हणजे साडेतीनच डागडुजी करून, नव्या नावाने. ते पुढे दहा वर्षं चाललं. त्याची दुसरी आवृत्ती थेट २०१९ची. गिऱ्हाइकांना बदल नको होता असं नाही, त्यांना आपलं कपाट टाकायचं नव्हतं.

या बाबतीत मला सगळ्यात शहाणा गेम वाटतो तो कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा रोलप्लेइंग गेम. १९८१पासून पहिल्या सहा आवृत्त्यांत एवढा कमी फरक आहे की एकीचं ॲडव्हेंचर दुसरीत जवळजवळ जसंच्या तसं चालतं. सातवीत मोठा बदल म्हणून काय केलं, तर ताकद, चपळाई वगैरे आकडे पाचाने गुणून शंभराच्या मापावर आणले. जुन्या ॲडव्हेंचरमध्ये एखाद्याची ताकद १३ लिहिली असेल तर ती ६५ धरायची. बाकीही बदल आहेत, पण डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला (तिथे त्याला कीपर म्हणतात), आदल्या रात्री बसून काही लिहून काढावं लागत नाही. सात आवृत्त्या झाल्या तरी या गेमच्या आवृत्त्यांवरून भांडण पेटलेलं फारसं ऐकू येत नाही.

दुसरं टोक म्हणजे गेम्स वर्कशॉप कंपनीचा वॉरहॅमर ४०,०००, मिनिएचर फौजांच्या लढाईचा गेम. पहिली आवृत्ती १९८७ची, मग १९९३, १९९८, २००४, २००८, २०१२, २०१४, २०१७, २०२०, २०२३. सुरुवातीला पाच-सहा वर्षं, एकदा तर दोनच, आणि २०१४पासून घड्याळ लावल्यासारखी दर तीन वर्षांनी. इथे अडचण समजायला या गेमची रचना माहीत हवी. मूळ रूलबुकवर भागत नाही. प्रत्येक फौजेचं वेगळं कोडेक्स, म्हणजे तिच्या नियमांचं पुस्तक, असतं, फौजा वीसच्या वर, आणि ती पुस्तकं एकदम येत नाहीत, तीन वर्षांत एकेक करून येतात. म्हणजे ज्याची फौज रांगेत पहिली त्याला कोडेक्स अडीच-तीन वर्षं वापरायला मिळतं, आणि ज्याची शेवटची त्याला काही महिने. नवव्या आवृत्तीत वर्ल्ड ईटर्स या फौजेचं कोडेक्स २०२३च्या सुरुवातीला आलं. जूनमध्ये दहावी आवृत्ती आली आणि नववीतली सगळी कोडेक्सं एका दिवसात बाद. सगळ्या फौजांचे नवे नियम तेव्हा फुकट डाउनलोड करायला दिले हे खरं, आणि ते चांगलंच केलं, पण जाड पुठ्ठ्याचं पुस्तक घेतलेल्याचे पैसे त्याने परत येत नाहीत. त्यात आपल्याकडे ही पुस्तकं बाहेरून येतात, उशिरा येतात आणि महाग पडतात. तीन वर्षांचं चक्र इथल्या खेळाडूच्या हातात पडेपर्यंत आणखी आखूड झालेलं असतं.

गेम्स वर्कशॉपच्या बाजूने नेहमी एक कारण दिलं जातं, की एखादी फौज फार भारी पडते, समतोल साधायचा तर नियम नव्याने लिहावेच लागतात. पूर्वी हे पटण्यासारखं होतं. आता फौजांचे पॉइंट्स (कुठली तुकडी किती भारी धरायची ते आकडे) वर्षातून अनेकदा फुकट पीडीएफमध्ये बदलले जातात. समतोल तिकडेच साधला जातोय, मग त्यासाठी नवी आवृत्ती कशाला? खरं कारण आवृत्तीबरोबर येणारा मोठा बॉक्स आहे. आत चकचकीत नवी मिनिएचर्स, आणि तो धडाधड खपतो. मिनिएचर्स विकणाऱ्या कंपनीने ते करू नये असं माझं म्हणणं नाही. बॉक्स दरवर्षी काढा, फक्त त्यासाठी सगळ्यांचे नियम मोडू नका.

याच कंपनीने २०१५मध्ये तर जुन्या वॉरहॅमर फँटसीचं अख्खं जगच कथेत नष्ट केलं आणि एज ऑफ सिग्मार आणला. जुन्या गेममध्ये मिनिएचर्स चौकोनी बेसवर रांगेत उभी राहायची, नव्यात गोल बेस. लोकांनी वर्षानुवर्षं रंगवलेल्या फौजा खरवडून गोल बेसवर चिकटवल्या. २०२४मध्ये त्याच कंपनीने जुनं जग द ओल्ड वर्ल्ड नावाने परत आणलं. बेस पुन्हा चौकोनी.

कंपन्या हे का करतात ते कळायला बॅलन्सशीट वाचायची गरज नाही, आपलंच टेबल बघा. मूळ खेळाडूंचं पुस्तक दोघं-तिघं घेतात. राक्षसांचं पुस्तक एकटा डीएम घेतो. सातवं-आठवं पुरवणी पुस्तक येईपर्यंत डीएमचाही उत्साह संपलेला असतो. दर पुस्तकागणिक खप उतरत जातो, दुकानातली रांग लांब होत जाते, आणि नवा माणूस त्या रांगेकडे बघून विचारतो, यातलं आधी कुठलं घेऊ? मूळ पुस्तक पुन्हा काढणं हा यावरचा सगळ्यात सोपा उपाय. १९९५मध्ये डी अँड डीची तेव्हाची कंपनी टीएसआरने ॲडव्हान्स्ड डी अँड डीच्या दुसऱ्या आवृत्तीची पुस्तकं काळ्या मुखपृष्ठात नव्या मांडणीने काढली आणि प्रस्तावनेत आधी हेच सांगितलं की घाबरू नका, ही तिसरी आवृत्ती नव्हे. तेव्हाही धास्ती किती होती बघा. दोन वर्षांनी टीएसआर बुडायच्या बेतात आली आणि विझार्ड्सने ती विकत घेतली. नवी आवृत्ती न काढल्याने बुडाली असं मात्र नाही. एकमेकींचे गिऱ्हाईक खाणाऱ्या ढीगभर मालिका काढल्या होत्या, तो घोळ मोठा.

नियम विकून पोट भरायचं नसेल तर अंतर किती पडतं याचंही उदाहरण आहे. ड्युप्लिकेट ब्रिज या पत्त्यांच्या स्पर्धात्मक खेळाचे आंतरराष्ट्रीय कायदे १९८७, १९९७, २००७, २०१७ असे दहा-दहा वर्षांनी बदलले गेले. दहा वर्षांत स्पर्धांमधून वाद गोळा होतात, मग ते निस्तरून नवी प्रत निघते. तारीख साधारण सगळ्यांना आधीपासून ठाऊक. माझा दहाचा आकडा काही अंशी तिथूनच आला आहे.

बोर्डगेमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कटान १९९५चा आहे, त्याची चित्रं आणि तुकडे बदलत राहिले, पण तेव्हाचा खेळाडू आजच्या टेबलावर बसून सहज खेळेल. ट्वायलाइट इम्पेरियमच्या तिसऱ्या आणि चौथ्या आवृत्तीत बारा वर्षांचं अंतर होतं, २००५ आणि २०१७. एका डावाला अख्खा रविवार खाणाऱ्या गेमला तेवढं हवंच.

आता तुमचं २०२४. वेळेच्या हिशेबात ते पास: दहा वर्षं. सामानाच्या हिशेबात काठावर पास. जुनी ॲडव्हेंचर्स चालतात, ते कंपनीने आधीच सांगितलं होतं आणि ते खरं आहे. पण साडेतीनवाला रोग थोडा लागलाय. क्युअर वूंड्स या जखमा भरणाऱ्या मंत्रात आठ बाजूंचा एक फासा होता, आता दोन. औषधाची बाटली पिणं आता बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) होतं. बेसावध सापडलेला आधी पहिली फेरी हातावर हात धरून बसायचा, आता त्याला फक्त इनिशिएटिव्हला, म्हणजे पाळीचा क्रम ठरवताना, डिसॲडव्हान्टेज: दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा. थकव्याच्या सहा पायऱ्यांना आधी सहा वेगळे परिणाम होते, आता दर पायरीला फाशातून दोन वजा आणि चाल पाच फुटांनी कमी. यातले जवळजवळ सगळे बदल मला आवडले. पण एकाच टेबलावर दोघांकडे जुनं आणि दोघांकडे नवं पुस्तक असेल तर पहिल्याच लढाईत वाद ठरलेला.

आणि छापील पुस्तकं निदान घरातून कोणी बदलू शकत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये डी अँड डी बियॉन्ड या गेमच्या अधिकृत ऑनलाइन सेवेने जाहीर केलं होतं की ऑनलाइन कॅरेक्टर शीटवर जुन्या मंत्रांच्या जागी नवे येतील. लोक एवढे भडकले की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. डिजिटल घेणार असाल तर हे लक्षात असू द्या.

तुमच्या जागी मी असतो तर आत्ता पैसे घातले नसते. २०२४च्या नियमांचा मूळ गाभा एसआरडी ५.२ या नावाने क्रिएटिव्ह कॉमन्सखाली (कुणालाही वापरायची मुभा देणारा परवाना) फुकट मिळतो, तो उतरवून घ्या आणि एखाद्या छोट्या, एका बैठकीत संपणाऱ्या ॲडव्हेंचरला वापरून बघा. चालू कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग कथा) २०१४वरच पूर्ण करा. त्या नियमांचा गाभाही २०२३पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे, त्यामुळे त्यासाठी नवं साहित्य लिहायला कुणालाच आडकाठी नाही. नवं कॅम्पेन सुरू कराल तेव्हा ग्रुपमध्ये मिळून खेळाडूंचं एकच नवं पुस्तक घ्या. राक्षसांचं जुनंच चालेल. कुठलं पुस्तक प्रमाण मानायचं हे पहिल्या सेशनच्या आधी ग्रुपवर लिहून टाका, बाटलीच्या नियमासकट.