रत्नागिरीत राहून जगभरातल्या आजच्या कलाकारांचं काम बघायचं, पण इटलीत व्हेनिसच्या कलाप्रदर्शनाला जाणं परवडत नाही. मग कुठे जावं?

कोचीला! कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे आजच्या कलेचं मोठं प्रदर्शन, तिथे १२ डिसेंबर २०१२ ला सुरू झालं. साधारण दर दोन वर्षांनी, डिसेंबरपासून पुढे काही महिने चालतं. नेत्रावती किंवा मंगला एक्सप्रेसने एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या स्टेशनवर, उतरा.

मला सर्वात भावतात त्या जागा. फोर्ट कोची, मट्टांचेरीतल्या मसाल्याच्या जुन्या वखारी, खाडीचा खारा वारा आणि त्यातच मांडलेली शिल्पं, व्हिडिओ, ध्वनी. असं काम पांढऱ्याशुभ्र गॅलरीत इतकं भिडत नाही. २०१४ ची आवृत्ती जितीश कल्लाट यांनी, २०१६ ची सुदर्शन शेट्टी यांनी मांडली. दोघेही मुंबईचे कलावंत. मट्टांचेरीत गोव्याकडून गेलेल्यांची जुनी कोकणी वस्ती आहे, तिथेही फिरा. एका दिवसात उरकू नका, आणि तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या तारखा नक्की बघा.