मायचा अर्धा स्वेटर: उसवायचा की पुरा करायचा?

"ताई, माझं माहेर परभणीजवळ. दोन वर्षांखाली मायनं माझ्या लेकासाठी स्वेटर विणायला घातला होता. पाठ झाली, उजवा पुढचा भाग झाला, डावा अर्धा सुईवर असतानाच ती गेली. लेक तेव्हा चार वर्षांचा होता, आता सहाचा झाला. दादा म्हणतो, मायच्या हाताचं आहे, हात लावू नका. वहिनी म्हणते, आता तो बसायचा नाही, उसवून सगळ्या लेकरांना टोप्या करू. मला साधं सुलट-उलट तेवढं येतं. काय करू?"

ताई, पुरा करा. वहिनींचा हिशेब व्यवहाराचा आहे, पण उसवल्यावर हाती फक्त लोकर उरते, मायचे टाके उरत नाहीत. आणि दादांचं ऐकून पेटीत ठेवलात तर तिथंही तो सुरक्षित नाही.

आधी तो सुईवरून उतरवा. स्टीलच्या सुईला गंज धरला तर डाग सहजी जात नाही, शिवाय सुईवरची ओळ ताणलेली राहते. बोथट सुईत वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून तो एकेका टाक्यातून न्या आणि मगच विणायची सुई काढा. सुईचा नंबर वहीत लिहून ठेवा. ओळ मध्येच थांबलेली असेल, तर विणताना ज्या सुईच्या टोकाशी लोकर लोंबतेय ती उजव्या हातात धरायची. हे उलटं झालं की ओळ मधूनच परत फिरते आणि तिथं भोक पडतं. नवशिक्यांचं इथंच बिनसतं.

मग लोकर कसली ते बघा. बाजारात लोकर म्हणून मिळतं त्यातलं पुष्कळ ॲक्रिलिक असतं. सुट्या टोकाचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटानं चुरली, तर खरी लोकर. वितळून कडक मणी झाला, तर ॲक्रिलिक. कसर (कपडे खाणारी बारीक अळी) खऱ्या लोकरीलाच खाते. बारीक भोकं दिसली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. डांबरगोळ्या नकोत, लेकराच्या अंगावर जायचं आहे ते.

आता माप. मायनं विणलेल्या पाठीवर 10 सेंटीमीटरमध्ये किती टाके येतात ते मोजा. त्याच नंबरच्या सुईवर 30 टाक्यांचा नमुना तुम्ही विणा आणि तोही मोजा. तुमचे टाके कमी भरले तर तुमचा हात सैल आहे, एक नंबर बारीक सुई घ्या: 10 ऐवजी 11. जास्त भरले तर 9. (आपल्याकडच्या सुयांना नंबर वाढला की जाडी कमी होते; 10 म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, 8 म्हणजे चार.) डावा भाग उजव्याच्या आरशातल्यासारखा हवा. म्हणून बॉर्डरपासून काखेपर्यंतच्या आणि काखेपासून गळ्यापर्यंतच्या ओळी उजव्या भागावर मोजून लिहून घ्या. माय थांबली तिथं आडवी रेघ दिसेल. धुतल्यावर ती बरीचशी बसते. राहिली तर राहू द्या.

दोन वर्षांची वाढ भरून काढायला मायचं विणकाम कापू नका. दोन्ही कुशींना तीन-तीन सेंटीमीटरच्या उभ्या पट्ट्या जोडा, छाती सहा सेंटीमीटर वाढते. 10 सेंटीमीटरला 24 टाके येत असतील तर पट्टीला 7 आणि शिवणीचे 2, असे 9 टाके. काखेत पट्टीची रुंदी बाहीला मिळते, म्हणून बाही वरच्या टोकाला तेवढी जास्त रुंद धरा. आणि बाह्या कराच, परभणीकडची डिसेंबरातली पहाट बंडीवर भागत नाही. लांबीसाठी खालच्या काठाचे टाके उचलून खाली विणत जा, पण बॉर्डर पुढे तशीच चालवू नका. उलट दिशेनं विणताना टाके अर्ध्या टाक्यानं सरकतात, रेघा जुळत नाहीत. सगळ्या ओळी सुलट विणा, म्हणजे ते कळत नाही.

उरलेली लोकर आधी डाव्या भागाला लावा. दुसऱ्या लॉटची, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेली, तीच छटा शोधत बसू नका, उन्हात फरक दिसतोच. पट्ट्या आणि बाह्या सरळ वेगळ्या रंगात करा. मायचं कुठलं आणि तुमचं कुठलं हे लेकाला दाखवता येईल, आणि दादांची भीतीही त्यानं बरीच कमी होईल.

धुताना कोमट पाणी आणि रिठा. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत सपाट पसरायचं. ओला टांगला तर खाली ओघळतो.

वहिनींना टोप्यांसाठी नवी लोकर आणून द्या, आणि मायचा नमुना त्यांना येत असेल तर बाह्या त्यांच्याकडूनच विणून घ्या. दादांना पत्ता न लागू देता मात्र काही करू नका. एकदा स्वेटर त्यांच्यापुढं पसरून पट्ट्या कुठं येणार ते बोटानं दाखवा. टाके दोऱ्यावर घेणं तेवढं आजच करा, त्यात काहीच बदलत नाही, त्यामुळं दादांचीही हरकत असायचं कारण नाही.