शेऱ्याचा रकाना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि अकरा टिपणांचे खर्डे मिळाले. वसतिगृहात राहून गेलेल्या आणि आज हयात नसलेल्या माजी विद्यार्थ्यांबद्दल लिहायचं काम तू अंगावर घेतलंस, बरं वाटलं. खर्डे वाचून मात्र जरा खट्टू झालो. अकराच्या अकरा जण ‘मनमिळाऊ, हसतमुख आणि शाळेवर नितांत प्रेम करणारे’! इतकी सज्जन पोरं एका छताखाली नांदत असती, तर रेक्टरला काम काय उरलं असतं?

विशेषणं आधी काढून टाक. मग खाली काय उरतं ते बघ. तिसऱ्या टिपणात तू सहज लिहून गेलास की त्यांची ट्रंक खाटेखाली नसायची, खाटेवर पायथ्याशी असायची, कारण पाय मुडपल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. तो माणूस मला तेवढ्यात दिसला. पुढची दोन पानं त्यांनी भूषवलेल्या पदांची आहेत, ती मी चाळली आणि बाजूला ठेवली.

रोज घरी जाणाऱ्या मुलांच्या शाळेत मित्राचं अक्षर आठवतं, मार्क आठवतात. वसतिगृहात त्याचं झोपेत बरळणं आठवतं, सुट्टी संपवून परतल्यावरची पहिली रात्र आठवते. हे घरच्यांनाही ठाऊक नसतं. घरच्यांपाशी त्याचं आधीचं आयुष्य असतं आणि नंतरचं. मधली वर्षं शेजारच्या खाटेवाल्यापाशी असतात. म्हणून आधी त्याला गाठ. तोही म्हातारा झाला आहे.

‘तो कसा होता हो?’ असं विचारू नकोस. उत्तर ठरलेलं आहे: ‘फार चांगला होता.’ खोली आठवायला लाव. दार कुठल्या बाजूला, कोणाची खाट कुठे, दिवा कोण मालवायचं. त्याला घरून पत्रं यायची का? सुट्टीला न्यायला कोण यायचं, की कोणीच नाही? हातात कागद दे आणि खाटांचा नकाशा काढायला सांग. नकाशा काढता काढता माणसं बोलतात, आणि समोर बघावं लागत नाही म्हणून मोकळेपणाने बोलतात.

पण ऐकलेलं सगळं खरं धरून चालू नकोस. इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत एक फलक आहे. १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने फुटबॉल खेळताना नियम धुडकावून चेंडू हातात घेतला आणि तो पळत सुटला, तिथून रग्बीचा खेळ सुरू झाला, असं त्यावर कोरलं आहे. ही गोष्ट छापून आली ती १८७६ मध्ये. एलिस १८७२ मध्येच वारला होता, त्याला विचारायची सोय नव्हती. सांगणारा मॅथ्यू ब्लॉक्सम त्याच शाळेचा माजी विद्यार्थी, पण त्याने स्वतः काही पाहिलेलं नव्हतं. १८९५ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी रीतसर चौकशी केली. डोळ्यांनी पाहिलेला एकही साक्षीदार मिळाला नाही. फलक लागला तो लागलाच, आणि आज विश्वचषकालाही त्याचंच नाव आहे. एलिसने उरलेलं आयुष्य चर्चमध्ये धर्मोपदेशक म्हणून काढलं. ते कोणाला आठवतं? तुझ्याही यादीत असा एक ‘चेंडू’ असणार. प्रत्येक जण तो किस्सा सांगेल, आणि प्रत्येकाने तो दुसऱ्याकडून ऐकलेला असेल. छापायचा तर ‘असं सांगतात’ म्हणून छाप.

माझी एक चूक सांगतो. आमच्या वसतिगृहातल्या एकाला सगळे ‘घुबड’ म्हणायचे. रात्र रात्र जागा असायचा. तो गेल्यावर मी स्मरणिकेत मोठ्या प्रेमाने ते टोपणनाव लिहिलं, अभ्यासू होता वगैरे भर घातली. महिन्याभराने त्याच्या पत्नीचा फोन आला. आवाज शांत होता. तो अंथरूण ओलं होईल या भीतीने जागायचा, आणि हे त्याने लग्नानंतर बारा वर्षांनी त्यांना सांगितलं होतं. पुढच्या अंकात दिलगिरी छापावी असं मनात आलं; पण कशाबद्दल, तेही छापावं लागलं असतं. त्या दिवसापासून टोपणनाव घरच्यांना विचारल्याशिवाय मी छापत नाही. आपल्याला जी गंमत होती ती त्याला काय होती, हे आपण त्याला कधी विचारलंच नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. तुझी अकरा नावं तुला कुठून मिळाली? सभागृहातल्या फलकावरून, हे न विचारताच कळलं. शाळा कोणाला लक्षात ठेवते? ज्यांच्यामुळे तिचं नाव होतं त्यांना. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या कार्लाइल इथे १८७९ ते १९१८ या काळात मूळनिवासी मुलांसाठी सरकारी निवासी शाळा होती. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकणारा जिम थॉर्प तिथलाच. त्याचं नाव सगळ्यांना माहीत. त्याच शाळेच्या दफनभूमीत काही दगडांवर नावाच्या जागी ‘अज्ञात’ एवढंच आहे. घरापासून तोडून आणलेली ती मुलं होती. २०१७ पासून त्यांच्यातल्या काहींचे अवशेष त्यांच्या लोकांकडे परत नेले जात आहेत, शंभराहून जास्त वर्षांनी. जिथे नाव होतं, तिथेही ते त्या मुलाचंच असेल असं नाही. पहिल्या तुकडीतल्या एकाने, वाचता येत नसताना, फळ्यावर लिहिलेल्या इंग्रजी नावांपैकी एकावर छडीने खूण केली आणि तो ल्यूथर झाला. पुढे ल्यूथर स्टँडिंग बेअर याने ते स्वतःच लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. बाकीच्यांचं कोण लिहिणार होतं?

तुझी शाळा तशी नाही, हे मला ठाऊक आहे. पण रजिस्टर कुठलंही असलं तरी शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. ‘नाव कमी केले.’ ‘न सांगता निघून गेला.’ ‘फी थकली.’ त्या रकान्यावर बोट ठेवून खाली ये आणि जिथे शेरा आहे तिथे थांब. आठ महिनेच राहिलेला मुलगाही तुमच्याच खोलीत झोपला होता. तो पुढे कोण झाला हे कोणाला माहीत नसेल. तर ते आठ महिने लिही. अर्धं पान झालं तरी चालेल. मात्र ज्याला शाळा आठवायचीच नाही, त्याचं किंवा त्याच्या घरच्यांचं ‘नको’ आलं तर मुकाट्याने नाव बाजूला ठेव. त्यावर वाद घालायचा अधिकार आपल्याला नाही.

जन्ममृत्यूच्या तारखा दोन ठिकाणांहून पडताळून घे. आणि कोणी गेल्याची बातमी घरच्यांकडून पक्की झाल्याशिवाय एक ओळ लिहू नकोस.

तू पाठवलेला गटाचा फोटो याच पाकिटात परत करतो आहे. मागे सगळ्यांची नावं आहेत, फक्त मागच्या रांगेतल्या डावीकडून चौथ्याची जागा कोरी आहे. पेन्सिलने काहीतरी लिहून खोडल्यासारखं वाटतं. भिंग लावून पाहिलं, मला वाचता आलं नाही. त्याच्या शेजारचे दोघे हयात आहेत, असं तूच लिहिलं आहेस. त्यांना याच आठवड्यात फोन कर.