दावा जिंकला, आता दरखास्त कुठे टाकायची?

प्रश्न : पेपरात सारखं वाचते, अमुक देशाने आंतरराष्ट्रीय कायदा मोडला, कोर्टाने निकाल दिला, आणि पुढे काहीच होत नाही. हा कायदा मोठ्या देशांना लागू तरी होतो का, की फक्त लहानांनाच?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, लागू होतो, वसुली होत नाही. आमचे एक मामा निफाडकडचे, व्यापाऱ्याने बागेतून द्राक्षं उचलली, चेक बाउन्स झाला, मामांनी दावा लावला, सहा वर्षांनी जिंकले, पेढेही वाटले. मग वकील म्हणाले, आता वसुलीसाठी वेगळी दरखास्त टाकावी लागेल! बेलीफ दोनदा जाऊन आला, गाळ्याला कुलूप.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाचं अगदी हेच झालं. अमेरिकेने त्यांच्या बंदरांत सुरुंग पेरले, तिथल्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना पैसा आणि शस्त्रं पुरवली, म्हणून 1984 ला हा एवढासा देश हेगच्या कोर्टात, म्हणजे देशादेशांतले वाद ऐकणाऱ्या यूएनच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. अमेरिका म्हणाली, कोर्टाला अधिकारच नाही. कोर्ट म्हणालं, आहे. तर अमेरिका सरळ उठून गेली. केस तरी चालली आणि 27 जून 1986 ला निकाल अमेरिकेच्या विरोधात लागला (तेव्हा कोर्टाचे अध्यक्ष आपले नगेंद्र सिंह होते). आता निकाल पाळला नाही तर यूएन चार्टरच्या कलम 94 प्रमाणे सुरक्षा परिषदेकडे जायचं, म्हणजे तिथली दरखास्तच म्हणा ना. पण तिथे ज्याच्याकडून वसुली करायची तोच व्हेटो, म्हणजे एकट्याने ठराव पाडायचा हक्क, घेऊन बसलेला. ऑक्टोबरमध्ये मतदान झालं, 11 देश बाजूने, तिघे तटस्थ, विरोधात एकटी अमेरिका, आणि ठराव पडला. 1991 ला निकाराग्वात सरकार बदललेलं होतं, त्यांनी केसच मागे घेतली, भरपाईचा एक डॉलर नाही.

चीनचंही तेच, 2016 ला दक्षिण चीन समुद्रातल्या हक्कांच्या वादात लवादाचा निवाडा फिलिपिन्सच्या बाजूने लागला, चीन म्हणाला आम्ही मानतच नाही. आणि आयसीसी, म्हणजे व्यक्तींवर खटले चालवणारं दुसरं कोर्ट, त्याचे अमेरिका, रशिया, चीन सदस्यच नाहीत. आपणही नाही बरं का, उगाच दुसऱ्यांनाच नावं ठेवायला नको.

पण म्हणून निकाल फुकट गेला असंही नाही. मामांचे पैसे अजून आले नाहीत, पण त्या व्यापाऱ्याला आता गावात कोणी उधारीवर माल देत नाही, आधी रोख मोज आणि मग क्रेट उचल. पुतिनवर मार्च 2023 ला आयसीसीचं वॉरंट निघालं, तर ऑगस्टमध्ये ब्रिक्स देशांच्या बैठकीसाठी ते आयसीसीचा सदस्य असलेल्या दक्षिण आफ्रिकेला गेलेच नाहीत, व्हिडिओवरून बोलले. पुढच्या वर्षी मंगोलियाला मात्र बिनधास्त जाऊन आले, तो देशही सदस्य, म्हणजे अटक करायला बांधील, असून कोणी हात लावला नाही.

आणि मॉरिशस बघा, तिथे आपली मराठी माणसंही आहेत. हिंदी महासागरातली, ब्रिटनच्या ताब्यातली चागोस बेटं मॉरिशसला परत द्या असं हेगच्या कोर्टाने 2019 ला ब्रिटनला सांगितलं, तेही नुसतं सल्ला म्हणून, बंधनकारक नाही. ब्रिटनने कानाडोळा केला. मग यूएनच्या आमसभेत 116 विरुद्ध 6 अशी मतं पडली, वर्षानुवर्षं टोचणी चालू राहिली आणि मे 2025 ला ब्रिटनने बेटं मॉरिशसची आहेत असं मान्य करणाऱ्या करारावर सही केली. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावरचा लष्करी तळ तेवढा 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ब्रिटनकडेच राहील, हेही त्यातच लिहून घेतलंय.