गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी होते म्हणून फ्लू जास्त गंभीर होतो का?

नाही, ती सरसकट कमी होत नाही. तिची घडी बदलते. गर्भ परका ठरू नये म्हणून पेशींमार्फत होणारा काही प्रतिसाद सौम्य होतो, मात्र प्रतिपिंडे (विषाणूशी लढणाऱ्या अँटिबॉडी) नीट तयार होतात. म्हणूनच लस काम करते: साधारण 2 आठवड्यांत प्रतिपिंडे वाढतात, वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि जन्मानंतरचे पहिले काही महिने त्याला संरक्षण देतात (6 महिन्यांआधी बाळाला ही लस देताच येत नाही). गंभीरपणामागे निव्वळ शारीरिक कारणही आहे. गर्भाशय छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा वर ढकलतं, फुप्फुसातली राखीव हवा घटते आणि ऑक्सिजनची गरज मात्र वाढते. लस कोणत्याही महिन्यात चालते, पण इंजेक्शनचीच. नाकात फवारायची जिवंत विषाणूंची लस नको. लस घेतलेली असली तरी ताप-खोकला आल्यास ओसेल्टामिविर या फ्लूवरच्या औषधासाठी 48 तासांच्या आत डॉक्टरांना गाठा, तपासणीच्या निकालासाठी थांबू नका.