स्क्रीन प्रिंटिंग नव्याने शिकणाऱ्यास

दहीहंडीच्या आधी गोविंदा पथकांचे टी-शर्ट ज्या गल्लीतल्या दुकानांत स्क्रीन प्रिंटिंगने हाताने छापले जात, ती डिजिटल छपाईपुढे मागे पडली याची हळहळ मला आहे. तरीही आपण हे काम हाती घेत असाल, तर सुरुवात एकाच रंगाने करावी. सुती कापडासाठी स्क्रीनला (म्हणजे जिच्यातून शाई कापडावर उतरते त्या जाळी ताणलेल्या चौकटीला) सेंटिमीटरला 43 धाग्यांच्या आसपासची जाळी घ्यावी, कारण फार बारीक जाळीतून शाईची पेस्ट नीट उतरत नाही आणि पाण्याची शाई तर छिद्रांतच सुकते. म्हणून दोन छापांच्या मध्ये स्क्रीन शाईने झाकून ठेवावी. प्लास्टिसॉल (प्लास्टिकवर आधारित) शाई मात्र वाऱ्यावर वाळत नाही, पक्की व्हायला तिला सुमारे 160 अंश सेल्सिअस उष्णता लागते. (कडेला किंचित पसरलेला रंग मला तरी दोष वाटत नाही.) पहिले छाप जुन्या चादरीवर घ्यावेत.